घरचं इंटरनेट तारेतून घ्यावं की हवेतून? आणि राउटरचं काय?

रविवारी सकाळी नव्या सोसायटीच्या गेटपाशी एक छत्री हमखास उभी असते. छत्रीखाली टेबल, टेबलावर पांढरा डबा आणि कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक मुलगा: "काका, वायर नको, खोदकाम नको, आजच्या आज बसवून देतो." पुण्याच्या कडेची वाघोली, आंबेगाव, पिसोळी, पुनावळे, म्हणजे जिथे इमारती आधी येतात आणि रस्ते सावकाश मागून येतात, तिथे हे बोलणं गोड वाटणारच. काका पत्रक घेऊन घरी येतात आणि एमबीपीएस, एफयूपी, ड्युअल बँड, एएक्स पंधराशे या शब्दांत असे अडकतात, की शेवटी शेजारच्यांनी जे घेतलंय तेच सांगून टाकतात.

खरं तर शेजाऱ्याला विचारणं ही या बाबतीत सगळ्यात भरवशाची चाचणी आहे, त्यावर पुढे येतोच. पण निदान काय विचारायचं हे ठाऊक हवं.

## आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

महापालिकेचं पाणी सोसायटीच्या टाकीपर्यंत येतं, आणि टाकीपासून मोरीच्या नळापर्यंतचं प्लंबिंग आपलं. नळाला धार बारीक आली तर आपण लगेच महापालिकेकडे जास्त पाणी मागत नाही, आधी नळाची जाळी काढून बघतो. इंटरनेटचंही तसंच आहे. कंपनी घरापर्यंत जे आणून देते ते कनेक्शन. तिथून फोन, टीव्ही, लॅपटॉपपर्यंत ते पोचवतो तो राउटर, आणि तो ज्या लहरींवरून पोचवतो ते वाय-फाय.

गफलत इथेच होते. आतल्या खोलीत मुलाचा ऑनलाइन क्लास अडखळतो, म्हणून घरातले प्लॅन वाढवतात. दरमहा तीन-चारशे रुपये जास्त जातात आणि आतल्या खोलीत क्लास पूर्वीसारखाच अडखळतो. दुखणं राउटरचं आणि भिंतींचं असतं, औषध मात्र कनेक्शनला दिलेलं असतं. माझ्या पाहण्यातली निम्म्याहून जास्त गाऱ्हाणी याच जातीची आहेत.

## घरापर्यंत नेट येतं कसं

तारेने येतं ते फायबर. काचेच्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने माहिती येते, आणि घरात भिंतीवरच्या छोट्या डब्यात तिचं रूपांतर होतं. त्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेर कुठेतरी फायबर तुटलंय किंवा निसटलंय. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करण्यात अर्थ नाही, सरळ फोन लावावा.

हवेतून येतं ते फाइव्ह-जी होम इंटरनेट, ज्याला कंपन्या एअरफायबर म्हणतात. भारतात फाइव्ह-जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ला. एअरटेलने ऑगस्ट २०२३मध्ये दिल्ली-मुंबईत ही घरगुती सेवा आणली. जिओने १९ सप्टेंबर २०२३ला आठ शहरांत ती सुरू केली, त्यात पुणे पहिल्या दिवसापासून होतं. यात गच्चीवर किंवा बाल्कनीच्या ग्रिलला एक अँटेना बसते. तिचं तोंड टॉवरकडे. ती सिग्नल पकडते आणि जाड लॅन केबलमधून घरातल्या राउटरकडे पाठवते. म्हणजे "वायर नको" हे अर्धंच खरं: गच्चीपासून चौथ्या मजल्यापर्यंत केबल येणारच, आणि त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगीही लागणारच. ती आधी घ्या. इन्स्टॉलेशनवाला शिडी लावून उभा आहे आणि सेक्रेटरी गावाला गेलेत, हा प्रसंग पुण्यात नवा नाही.

तिसरा मार्ग म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, नाहीतर सिम घालायचा राउटर. एकटा माणूस, दिवसभर ऑफिसात, रात्री तासभर मालिका, एवढंच असेल तर हॉटस्पॉट पुरतो आणि वेगळं बिलही येत नाही. चार माणसांच्या घराला मात्र तो रोजचा उपाय नव्हे. फोन तापतो, बॅटरीचे हाल होतात, आणि फोनचा मालक भाजी आणायला गेला की घराचं नेट त्याच्याबरोबर भाजी आणायला जातं.

उपग्रहाच्या इंटरनेटबद्दलही हल्ली बरंच विचारतात. स्टारलिंकला जून २०२५मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला, ही बातमी खरी आहे. पण ती सोय जिथे तार नाही आणि टॉवरही नाही अशा जागांसाठी. कोथरूडच्या फ्लॅटसाठी तिची वाट बघत बसू नये.

## वेग किती पुरतो?

वेग मोजतात एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. फाइल मात्र आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर डाउनलोडचा आकडा साडेबाराच्या पुढे जाईना, तर कंपनीने फसवलं असं नाही. १०० भागिले ८ म्हणजे साडेबाराच.

चांगल्या प्रतीची मालिका बघायला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५. ऑफिसची व्हिडिओ मीटिंग तीन-चारमध्ये भागते. आता रात्री नऊचं दृश्य घ्या: हॉलमध्ये टीव्हीवर मालिका, बेडरूममध्ये अमेरिकेबरोबर मीटिंग, मुलगी यूट्यूबवर, आजोबांचं कीर्तन सुरू. सगळं मिळून वीस-पंचवीस. चौघांच्या घराला ३० ते ४०चा प्लॅन पुरतो आणि १००चा ऐसपैस होतो. ३००च्या पुढचा प्लॅन ज्याला लागतो, त्याला तो का लागतो हे चांगलं ठाऊक असतं. तुम्हाला प्रश्न पडला असेल तर तो तुमच्यासाठी नाही.

पत्रकावरचे "अप टू" हे दोन शब्दही नीट वाचा. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला सरकारी व्याख्येनुसार, जानेवारी २०२३पासून, फक्त २ एमबीपीएसचा किमान वेग लागतो. आधी तर ५१२ केबीपीएसवरच, म्हणजे जेमतेम अर्ध्या एमबीपीएसवर, भागत होतं.

अपलोडचा वेग मात्र पत्रकावर कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. घरून काम करणारा, व्हिडिओ पाठवणारा, सीसीटीव्ही कॅमेरे लावलेला माणूस अपलोडवर जगतो. फायबरवर अपलोड बहुधा डाउनलोडएवढाच मिळतो. हवेतल्या कनेक्शनवर तो बराच कमी असतो, त्यामुळे मीटिंगमध्ये समोरचे आपल्याला स्वच्छ दिसतात आणि आपण मात्र त्यांना ठोकळ्यांत दिसतो.

## मग माझं मत काय?

फायबर दारापर्यंत येत असेल तर डोळे मिटून फायबर घ्या.

पैशांचं आधी बघू. जिओफायबरचा ३० एमबीपीएसचा प्लॅन २०२०मध्ये ३९९ रुपयांना आला, एअरटेलचा ४०चा ४९९ला. एअरफायबर आलं तेव्हा त्यातला ३०चाच प्लॅन ५९९चा होता. दर बदलत राहतात, पण तेवढ्याच वेगाला हवेतून जास्त पैसे, हे गणित तेव्हापासूनचं आहे. सगळ्या आकड्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे ३९९चे हातात बिल येईपर्यंत ४७१ होतात.

दुसरी गोष्ट एफयूपी, म्हणजे महिन्याच्या डेटाची कमाल मर्यादा. "अनलिमिटेड" लिहिलेलं असलं तरी ती तळटीपेत सापडते. फायबरला ती साधारण ३३०० जीबी असते, एअरफायबरला १००० जीबी. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ तासाला सुमारे ३ जीबी खातो. तेव्हा १००० जीबी म्हणजे रोज अकरा तास. एका टीव्हीच्या घराला ते भरपूर झालं. पण दोन टीव्ही, त्यातला एक फोर-के, आणि दिवाळीची सुट्टी असं जुळून आलं तर पंचविसाव्या दिवशी मर्यादा संपू शकते. त्यानंतर वेग उतरतो, काही प्लॅनमध्ये तर थेट ६४ केबीपीएसवर, ज्यात व्हॉट्सॲपवरचा सुप्रभातचा फोटोही दम घेत घेत उघडतो.

तिसरी गोष्ट गर्दी. टॉवरची ताकद त्या परिसरातले सगळे वाटून घेतात, घरातले अँटेनावालेही आणि रस्त्यावरचे फोनवालेही. फायबरही एका टप्प्यावर वाटलं जातंच, पण त्यात ऐसपैस जागा असते. म्हणूनच शेजाऱ्याला विचारायचं ते हे: "रात्री नऊ ते अकरा कसं चालतं?" दुपारी तीनची स्पीड टेस्ट सगळ्यांचीच छान येते. ती दाखवणाऱ्या सेल्समनला चहा पाजा आणि शेजाऱ्याकडे जा.

हवेतलं कनेक्शन घ्यावं असेही प्रसंग आहेतच. नव्या इमारतीत फायबर यायला महिने लागणार असतील, घर अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर असेल आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, किंवा मुळशीकडे प्लॉटवर बंगला असेल, तर ते खुशाल घ्या. मात्र सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरू नका. वर्षाचे भरले तर इन्स्टॉलेशन फुकट अशी ऑफर देतात, पण आधी एक महिना चालवून बघा. इन्स्टॉलेशनचे हजार रुपये गेले तरी चालतील.

प्लॅनबरोबर येणाऱ्या ओटीटीच्या, म्हणजे नेटवर मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या ॲपच्या, गठ्ठ्यांबद्दल थोडक्यात: बारा-पंधरा ॲप "मोफत" असतात, त्यातली आपण खरंच बघतो ती दोन. त्या दोघांचे वेगळे दर आणि साधा प्लॅन यांची बेरीज करून बघा, मगच ठरवा.

## "पण पावसात बंद पडणार नाही का?"

डिश टीव्ही पावसात खरखरतो हे सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून ही शंका येते. डिशचा सिग्नल सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या लहरींवर येतो, आणि तेवढ्या आखूड लहरींना पावसाचे थेंब चांगलेच अडवतात. फाइव्ह-जीचं बरंचसं काम ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, तिथे पुण्यातल्या जोरदार सरीनेही फारसा फरक पडत नाही. २६ गिगाहर्ट्झचाही पट्टा आहे, त्याला मात्र पाऊस बाधतो. जास्त त्रास होतो तो ओल्या झाडांचा. मे महिन्यात अँटेना लावली, टॉवर स्वच्छ दिसत होता, जुलैत मधल्या गुलमोहराला पालवी फुटून ती भिजली, की सिग्नल पडतो. म्हणून अँटेना बसवताना समोर झाड आहे का हे बघा आणि जमलं तर ती झाडाच्या वर चढवून घ्या.

फायबरला पाऊस लागत नाही, पण फायबरचे शत्रू वेगळे आहेत. आपल्याकडे ते बऱ्याचदा खांबांवरून, झाडांवरून लोंबत येतं. फांदी पडली, जेसीबी चालला, किंवा महापालिकेने लोंबत्या केबल्स काढायची मोहीम काढली, की अख्ख्या गल्लीचं नेट जातं. अशा वेळी कंपनीच्या मोठेपणापेक्षा दुरुस्तीचा माणूस किती जवळ राहतो हे महत्त्वाचं ठरतं. गल्लीतला केबलवाला दादा कधीकधी मोठ्या कंपनीला भारी पडतो तो याच कारणाने.

## "आणि लाइट गेली तर?"

दोन्ही बंद. अँटेना असो वा भिंतीवरचा डबा, वीज घरातलीच लागते. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते हे पुणेकरांना सांगायला नको, आणि नेमकी गुरुवारीच मीटिंग असते. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात, आणि काही तास चालतो. घेताना ॲडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवून घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. अँटेनाला वीज लॅन केबलमधूनच जाते आणि तिचा ॲडॉप्टर निराळ्या व्होल्टचा असू शकतो. तिथे १२ व्होल्टचा यूपीएस लावून उपयोग नाही.

## राउटर घेण्याआधी तीन आकडे

आता घरातल्या प्लंबिंगकडे. नवा राउटर घेण्याआधी लॅपटॉप राउटरला केबलने जोडून वेग मोजा. मग केबल काढून राउटरपासून पाच-सहा फुटांवर वाय-फायवर मोजा. मग जिथे रडारड आहे त्या खोलीत जाऊन मोजा.

पहिला आकडाच कमी असेल तर दोष कनेक्शनचा, कंपनीला गाठा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर राउटर जुना किंवा कमकुवत. पहिले दोन चांगले आणि तिसराच वाईट असेल, समजा ९५, ८० आणि ६, तर नव्या राउटरच्या आधी राउटरची जागा बदलून बघा.

आणि ती जागा बहुधा बघण्यासारखी असते. फायबरवाल्याने डबा टीव्हीपाशी लावला म्हणून राउटरही टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात. पुढे सेट-टॉप बॉक्स, मागे टीव्हीचा लोखंडी स्टँड, वर नातवाच्या ट्रॉफ्या, आणि कप्प्याला आरशाचं दार, कारण वायरी दिसायला नकोत. आरशामागचा मुलामा धातूचा असतो आणि धातू लहरी परतवतो. तिथून सिग्नल निघून किचनची भिंत, फ्रिज, पॅसेज आणि आणखी एक सिमेंटची भिंत ओलांडून मागच्या बेडरूममध्ये पोचायचा. तोच राउटर दहा मीटर लॅन केबल टाकून पॅसेजमध्ये, डोक्याच्या वर, उघड्यावर ठेवला तर कित्येक घरांत प्रश्न तिथेच मिटतो. केबलला दोनशेच्या आसपास खर्च येतो. बायको किंवा नवरा "ते वेटोळं भिंतीवर कसं दिसतं" म्हणेल, तो वेगळा वाटाघाटीचा विषय.

पेठेतल्या जुन्या वाड्यात दोन-दोन फूट जाडीच्या भिंती असतात. तिथे एका राउटरने कितीही आव आणला तरी भागत नाही. पलीकडच्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिथे दुसरा राउटर लावणं, किंवा एकमेकांशी जोडलेल्या दोन-तीन डब्यांचा मेश संच घेणं, हेच उपाय.

## खोक्यावरचे आकडे वाचायचे कसे

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दुकानदार तुमच्यापुढे तीन खोकी ठेवेल. पहिल्यावर एसी १२००, दुसऱ्यावर एएक्स १५००, तिसऱ्यावर एएक्स ३०००. अँटेनांच्या संख्येकडे बघू नका, ती शिंगं बरीचशी शोभेची.

'एसी' म्हणजे वाय-फाय ५, 'एएक्स' म्हणजे वाय-फाय ६. पुढचा आकडा ही बेरीज असते. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ, जो लांब जातो आणि भिंती बरा ओलांडतो पण हळू आहे, आणि ५ गिगाहर्ट्झ, जो वेगवान आहे पण भिंतींना कंटाळतो. एसी १२०० म्हणजे पहिल्यावर ३०० आणि दुसऱ्यावर ८६७. फोन एका वेळी बहुधा एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे १२०० हा आकडा तुमच्या फोनवर कधीच दिसणार नाही.

प्रत्येक पट्ट्यात चॅनेल, म्हणजे रस्त्यावरच्या लेनसारखे भाग असतात. २.४वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. सोसायटीत पंचवीस घरांचे राउटर याच तीन चॅनेलांवर दाटीवाटीने बसलेले असतात. म्हणून टीव्ही आणि लॅपटॉप ५वर जोडा. स्मार्ट बल्ब, स्वस्त कॅमेरे यांना २.४शिवाय बहुधा चालत नाही, त्यांना तिथेच राहू द्या.

आता खोकं उलटं करा आणि पोर्टबद्दल, म्हणजे केबल खोचायच्या भोकांबद्दल, काय लिहिलंय ते शोधा. '१०/१००' लिहिलं असेल तर त्या राउटरच्या भोकातून सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर काही जाणार नाही, प्रत्यक्षात ९४-९५च. खोक्याच्या पुढच्या बाजूला १२०० ठळक छापलेलं असतं आणि मागे १०० बारीक. २०० किंवा ३००चा प्लॅन असेल तर 'गिगाबिट', म्हणजे हजार मेगाबिटचा, पोर्टच मागा. आज नवा घ्यायचाच तर गिगाबिट पोर्टचा वाय-फाय ६ राउटर घ्यावा असं मी सांगेन. साधारण अडीच ते चार हजारांत येतो आणि चार-पाच वर्षं बघावं लागत नाही. वाय-फाय ७साठी जास्त पैसे मोजायचं कारण अजून मला दिसत नाही, घरातले फोनच तेवढे नवे नसतात.

पण कंपनी राउटर देते ना? देते, आणि बऱ्याच घरांना तो पुरतो. आधी तोच वापरा. आपला राउटर जोडायचा असेल तर कंपनीला विचारून घ्या, कारण काही ठिकाणी युजरनेम-पासवर्ड लागतो तर काही ठिकाणी कंपनीचा डबा काढताच येत नाही. मग त्याच्यामागे आपला लावावा लागतो. आणि कुठलाही असो, राउटरच्या पोटावर छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए २ किंवा ३ हा प्रकार निवडा.

## उरलेल्या दोन शंका

"राउटरचं रेडिएशन?" जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. पुरावा मर्यादित आहे, असा त्या गटाचा अर्थ. लहरींचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. राउटर दहा फुटांवर असतो, फोन कानाला चिकटलेला. काळजी करायचीच तर फोनपासून सुरुवात करा. टॉवरसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा ठेवली आहे.

"गावाला गेल्यावर घरचे कॅमेरे फोनवर दिसतील का?" ॲपवर चालणारे नवे कॅमेरे दिसतात. जुन्या डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याला, मात्र घराचा स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर क्रमांक, लागतो आणि हवेतल्या कनेक्शनवर अनेक घरं मिळून एकच पत्ता वापरतात. जुना डीव्हीआर असेल तर आधी विचारा. स्थिर पत्ता मिळत असला तर त्याचे पैसे वेगळे पडतात.

## सोडताना

कनेक्शन घेताना सगळे हसतमुख असतात, सोडताना फोन उचलत नाहीत. तक्रार केली की तिचा क्रमांक मागून घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे हा क्रमांक विचारतात. राउटर, अँटेना, ॲडॉप्टर हे बहुधा कंपनीच्या मालकीचं सामान असतं. न्यायला येणाऱ्याकडून सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या, किंवा निदान डबा त्याच्या हातात असतानाचा फोटो काढा. अनामत रक्कम परत येईपर्यंत तो फोटो डिलीट करू नका.